आकडीवर आळ

लक्षण

बार उडाला. पंप मागे आला नाही.

घडलं ते एवढंच, आणि एवढ्यावर एक माणूस गेला. तांब्याच्या तारांचं गोदाम, उजाडायची वेळ, कुंपण कापून आत शिरलेले चोर, आणि दारावर दोन पहारेकरी. एकाच्या हातात बंदूक, दुसऱ्याच्या हातात नुसती काठी. बंदूकवाल्यानं नियमाप्रमाणे पहिला बार हवेत काढला. चोर थबकले. पुढचं काडतूस वर आणायला त्यानं नळीखालची मूठ, म्हणजे पंप, मागे ओढली. येईना. पुन्हा ओढली. येईना. चोरांनाही कान असतात. बारामागून जी खटॅक-खटॅक ऐकू यायला हवी ती आली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि लोखंडी कांबी घेऊन ते काठीवाल्याकडे वळले.

काठीवाल्याला सगळे शिट्टी म्हणायचे. रात्रभर तोंडानं शिट्टी वाजवत फिरायचा, म्हणून. तो कुठे उभा आहे हे चोरांना शोधावंही लागलं नसेल.

बंदूकवाला होता बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा मेहुणा. बायकोचा पाठचा भाऊ. घरात त्याला धाकटा म्हणत, आणि चाळिशी उलटली तरी तो धाकटाच राहिला होता.

तीच बंदूक आता मिस्त्रीच्या दुकानात, टेबलावर, पोत्यात गुंडाळून पडली होती. चोर पकडले गेल्यावर पोलिसांचा बंदुकीतला रस संपला होता. रस होता तो पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीच्या साहेबाला. तो स्वतः बंदूक घेऊन आला, खुर्ची पुसून बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, मला एकच शब्द हवा. हात, की बंदूक?"

"मेहुणा आहे माझा, साहेब. दुसरीकडे दाखवा."

"दुसरीकडे कुठे? या शहरात बंदुका उघडणारे तुम्ही एकटे. अन् तुम्ही खोटं बोलल्याचं आजवर कानावर आलेलं नाही."

ही स्तुती होती. मिस्त्रीला ती पुढे बरीच महाग पडली.

तपास पहिला : हात

पंपाची बंदूक भेदरलेल्या माणसाची नाही. मूठ पुरती मागे यावी लागते, आणि तितक्याच जोरानं पुढे जावी लागते. घाबरलेला माणूस अर्धीच ओढतो आणि अर्ध्यातूनच पुढे लोटतो. रिकामं काडतूस आत आडवं होतं आणि बंदुकीची काठी होते. मिस्त्री प्रत्येक नव्या पहारेकऱ्याला सांगायचा, "दार लावल्यासारखं करायचं नाही, दार आपटल्यासारखं करायचं. बायकोवर रागावून निघाल्यासारखं." धाकट्यालाही सांगितलं होतं. धाकटा हसून म्हणाला होता, "भावोजी, तुम्ही ताईवर रागावून निघालेले अजून पाह्यचेत."

एजन्सीत सगळ्यांचं ठरून गेलं होतं. हात. धाकट्याचा हात कचरला, अर्धाच आला.

धाकटा त्या दिवसापासून बहिणीकडे येऊन राहिला होता. जेवताना डावा हात मांडीखाली दाबून बसायचा. एकदा बायको मागच्या दारी गेली तर हा झाडूचा दांडा बगलेत धरून उभा. डाव्या हातानं दांडा कवळून मागे ओढतोय, पुढे लोटतोय. तिला पाहून थांबला नाही.

"पुरता येतो ना गं ताई? बघ ना. पुरता येतो."

"येतो रे. आत चल."

"तेव्हाही येत असणार. मला आठवत नाही."

शिट्टीची बायको एकदा आली होती. बसली नाही. पाणीही घेतलं नाही. धाकट्याच्या हाताकडे बघून तिनं विचारलं, "हाच का?" आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरून गेली. तेव्हापासून तो हात मांडीखाली.

नोकरी जाणार हे तर होतंच, पण तिची फिकीर कुणाला होती? प्रश्न होता तो त्या हाताचा. उरलेलं आयुष्य धाकटा तो कुठे लपवणार होता?

म्हणून बंदूक आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे ठेवत बायको म्हणाली, "बंदूकच बिघडलेली असणार."

"उघडल्यावर कळेल."

"उघडायच्या आधी ठरवा."

"अगं, आधी ठरवून कलिंगडसुद्धा गोड निघत नाही."

"कलिंगड माझा भाऊ नाही," ती म्हणाली आणि कप उचलून घेऊन गेली. त्यात अजून अर्धा चहा होता.

तपास पहिला, पुढे चालू

पंप मागे येतो का? नाही.

बाजूची कळ दाबून? नाही.

दस्ता रबरी चटईवर आपटून, मूठ घट्ट धरून, अंगाचा सगळा भार टाकून? मिस्त्रीच्या खांद्यातून कळ गेली. मूठ जागची हलली नाही.

त्यानं पुन्हा आपटला. पुन्हा नाही.

मग तो स्टुलावर बसला आणि बराच वेळ स्वतःशीच हसत राहिला. रिकामं काडतूस नळीत असं रुतलं होतं की बैल जुंपला असता तरी मूठ आली नसती. धाकटा कचरला असो की वाघासारखा उभा राहिलेला असो, फरक शून्य. हात सुटला. हात निर्दोष.

त्यानं तेव्हाच दुकान बंद करून घरी जायला हवं होतं. जाऊन सांगायचं, ऊठ, हात बाहेर काढ, दोन्ही हातांनी जेव. चपला घालण्यापर्यंत त्याची मजलही गेली. पण उघडायला घेतलेली बंदूक तशीच टाकून जायची त्याला सवय नव्हती. सवयीनं घात केला.

तपास दुसरा : नळी

पितळी गज नळीच्या तोंडातून आत घातला आणि लाकडी हातोडीनं हलके ठोके दिले. बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला आणि काडतूस मागे सुटलं. ते न बघताच त्यानं बाजूला ठेवलं, कारण त्याला नळी बघायची होती. नळीच्या मागच्या टोकाला, जिथं काडतूस बसतं तिथं, गंज असेल तर काडतूस धरून ठेवतं.

गंज नव्हता. पोलाद चकचकीत होतं. फक्त एका बाजूला काहीतरी पातळ, पिवळट, भांड्याच्या बुडाला साखर करपावी तसं. नखानं खरवडलं तर नखाला चिकटलं.

तपास तिसरा : आकडी

बंदुकीत एक छोटी पोलादी आकडी असते. रिकाम्या काडतुसाच्या पितळी बुडाची कड ती पकडते आणि पंपासोबत त्याला बाहेर ओढून आणते. लहान मुलाच्या नखाएवढी वस्तू. ती झिजली की काडतूस आतच राहतं.

मिस्त्रीनं भिंगातून पाहिली. धार होती तशी. स्प्रिंग ताठ. इतकी बिनचूक आकडी त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

या बिचारीचं पुढं काय झालं ते येईलच.

तपास चौथा : काडतूस

मग त्यानं बाजूला ठेवलेलं काडतूस हातात घेतलं.

काडतुसाच्या प्लॅस्टिकच्या अंगाभोवती कसली तरी पारदर्शक पट्टी होती. चिकटपट्टी. उष्णतेनं आक्रसलेली, सुरकुतलेली, कडेला वितळून ओघळलेली. तिच्याखाली कागदाचा तुकडा. कागदावर अंक. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, तसं. पट्टी करपली होती पण अंक शाबूत होता. सत्तावीस. त्यातल्या साताला डौलदार शेपटी होती, खाली येऊन हलकेच वर वळलेली.

असा सात शहरात एकच माणूस काढायचा.

धाकटा मुळात पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे वाहने उभी करू नयेत'च्या पाट्या. त्याचं अक्षर लोक थांबून बघत. मग छापील फलक आले आणि पाट्या गेल्या. ब्रश ठेवून त्यानं बंदूक घेतली. एजन्सीत त्याच्या अक्षराला काम नव्हतं. ते त्यानं स्वतःच शोधून काढलं.

पाळी बदलताना एक पहारेकरी दुसऱ्याला बंदूक आणि काडतुसं मोजून देतो. कुणी कुणाची चांगली काडतुसं काढून आपली जुनी सरकवी, मग रोज भांडण. शाईनं अंक लिहिला तर घामानं पुसला जायचा. धाकट्यानं तोड काढली. प्रत्येक काडतुसावर कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर अंक, आणि वरून चिकटपट्टीचा पुरता वेढा, म्हणजे पुसायला नको आणि निघायला नको. साहेब इतका खूष झाला की त्यानं सगळ्यांसमोर प्रशस्तिपत्रक दिलं. ते चौकटीत घालून धाकटा बहिणीकडे दाखवायला घेऊन आला होता. मिस्त्री तेव्हा भिंतीत खिळा ठोकत होता, कारण बायकोला ते आपल्याच घरात लावायचं होतं. तोंडात दुसरा खिळा होता. तो 'वा' म्हणाला. अंक कशावर लिहितोस, कसे चिकटवतोस, हे त्यानं विचारलं नाही.

दर वर्षी एजन्सीच्या सगळ्या बंदुका तोच तपासायचा. बंदुकाच. काडतुसं कपाटात, कपाटाची किल्ली साहेबाकडे. चाचणीला मिस्त्री स्वतःची काडतुसं वापरायचा, उघडी, स्वच्छ. सरावालाही नवी पेटी फोडत. वेढ्याची काडतुसं पट्ट्यात मिरवायची होती, उडवायची नव्हती. त्या पहाटेपर्यंत त्यांतलं एकही कुणी उडवलं नव्हतं.

दुकानामागे वाळूचा खड्डा होता. मिस्त्रीनं उघडं काडतूस भरलं आणि वाळूत उडवलं. खटॅक-खटॅक, मूठ लोण्यातून फिरावी तशी फिरली. दुसऱ्या काडतुसाला टेबलाच्या खणातली चिकटपट्टी गुंडाळली. भरताना ते जरासं कुरकुरलं, पण गेलं. उडवलं.

पंप मागे आला नाही.

काडतूस उडताना फुगतं आणि लगेच आकसतं, म्हणून तर बाहेर येतं. पट्टीवालं आकसूनही नळीत घट्टच राहिलं, आणि वितळलेल्या डिंकानं उरलेलं काम केलं होतं.

मिस्त्री मागे वळला तर दारात बायको. जेवणाचा डबा घेऊन आली होती. दोन्ही बार तिनं ऐकले होते आणि एकच खटॅक-खटॅक.

"हात नव्हता," तो म्हणाला.

"मला माहीत होतं."

"आकडीही नव्हती."

"मग?"

त्यानं काडतूस पुढे केलं. ती शाळेत गेलेली बाई होती आणि भावाचा सात तिनं पाटीवर पहिल्यांदा काढलेला पाहिला होता. तिनं तो वाचला, नंतर नवऱ्याच्या हातातल्या बंदुकीकडे पाहिलं, नंतर टेबलावरच्या चिकटपट्टीकडे. मग डबा जमिनीवरच ठेवला.

"हे त्याला सांगायचं नाही."

"मग काय सांगायचं? हात?"

"नाही."

"अगं, एक तर हात, नाहीतर हे. तिसरं काही नाहीच."

"हात कचरला म्हणजे त्या एका क्षणाची चूक. तीही त्याला गिळतेय. आणि हे? हे त्यानं बसून, जीव लावून, एकेक करून केलंय हो. बक्षीस घेतलंय त्याचं. माझ्या भिंतीवर लावलंय. तो जगायचा नाही."

मिस्त्रीनं काडतूस टेबलावर ठेवलं.

"ती काय म्हणता तुम्ही, आकडी. ती मोडत नाही का कधी?"

"मोडते."

"मग मोडू द्या."

"आकडी मोडली तर ते माझ्यावर येतं. वर्षाची तपासणी माझी आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला हे आधीच कळलं होतं. त्याला ते आत्ता कळलं.

दुरुस्ती

भिंगात आकडी धरली. कानशीचे दोन हात फिरवले, नंतर पक्कडीनं टोक उडवलं. आयुष्यभर त्यानं बिघडलेलं नीट केलं होतं. नीट असलेलं बिघडवायला काहीच वेळ लागत नाही, कौशल्यही लागत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. तुटलेल्या कडेला तेल आणि काजळी चोळली, म्हणजे मोड जुनी दिसावी. नळीतला पिवळट थर थिनरनं धुतला. काडतुसावरची पट्टी सोलून काढली आणि केराच्या डब्यात टाकली.

पट्टी केराच्या डब्यात राहिली नाही, हे त्याला नंतर कळलं.

सांगायची गोष्ट

ती अशी, की आकडी गेली होती.

साहेबानं आकडी भिंगातून पाहिली, जणू त्याला काही कळत होतं. "मागच्या तपासणीत नव्हती दिसली?"

"दिसायला हवी होती."

"म्हणजे पाहिलीच नाहीत."

"निसटलं."

"निसटलं," साहेबानं शब्द तोंडात घोळवला. "शिट्टीच्या बायकोला मी काय सांगू? निसटलं म्हणून?"

"माझं नाव सांगा."

साहेबानं सांगितलं. एजन्सीचं काम गेलं. मागून परवाना स्थगित झाल्याचा कागद आला. बंदूक, काडतूस, दारू, कशालाच हात लावायचा नाही. मिस्त्रीनं पाटीवरचा बंदुकीचा शब्द स्वतः पांढऱ्या रंगानं बुजवला आणि कुलपं, शिलाई मशिनी, पाण्याचे पंप दुरुस्त करायला लागला. पंप म्हटलं की अंगावर काटा यायचा, पण पोट काट्यांना भीत नाही.

दुरुस्तीनंतरची चाचणी

धाकट्याचा हात मांडीखालून बाहेर आला. त्याच हाताचं बोट त्यानं मिस्त्रीसमोर धरलं.

"मला म्हणत होतात, दार आपटल्यासारखं कर."

"हो."

"मी आपटलं होतं. मी पुरतं आपटलं होतं, आणि तुम्ही दारालाच खिळा मारून ठेवला होता."

"बस जरा."

"किती दिवस मी इथं जेवलो. समोर बसून तुम्ही वाढून घेत होतात. माझा हात बघत होतात." त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "शिट्टी मला म्हणायचा, तुझी बंदूक तुझ्या भावोजींच्या हातची आहे, मला कसली भीती."

मिस्त्रीनं बायकोकडे पाहिलं. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता. नळाखाली भांडं नव्हतं.

"ताई, मी निघतो. यांच्या घरात मला नाही राहायचं."

ती वळली. तिनं त्याचे कपडे घडी करून पिशवीत भरले, त्याच्या आवडीची रजई वर ठेवली आणि त्याला रस्त्यापर्यंत पोचवून आली. येताना प्रशस्तिपत्रकाची काच पदरानं पुसली. नवऱ्याला म्हणाली, "निदान ताठ चालत गेला."

तेवढं खरं होतं. त्यानंतर घरात धाकट्याचा विषय निघाला की मिस्त्री जेवण संपवून उठायचा, आणि विषय रोज निघायचा. धाकटा कामावर रुजू झाला. धाकट्याला पहारेकऱ्यांवर सुपरवायझर केलं. धाकट्यानं नवे बूट घेतले. ती भावाला भेटायला गोदामावर जायची, डबा द्यायची, परत येऊन सगळं सांगायची. एक गोष्ट मात्र तिनं सांगितली नाही. तिला ती दिसली नसेल, किंवा दिसूनही तिनं पाहिली नसेल.

लक्षण पुन्हा दिसल्यास

एक पहारेकरी दुकानात आला. नवा, गोलमटोल, बोलका. पट्ट्याचं बक्कल तुटलं होतं. त्यानं पट्टा सोडून टेबलावर ठेवला आणि मिस्त्रीनं बक्कल बघायला पट्टा फिरवला.

पट्ट्यात ओळीनं काडतुसं. प्रत्येकावर चिठ्ठी. प्रत्येक चिठ्ठीवर सुरेख अंक, आणि सातांना शेपट्या.

"हे कुणी केलं?"

"काय छान आहे ना? सुपरवायझर साहेबांनी. आधी एकाच गोदामात होतं म्हणे, आता सगळ्या गोदामांच्या काडतुसांवर. अन् आता दोन वेढे. एका वेढ्याची कड सुटते."

"काढून टाका ती."

"काय?"

"पट्टी. एक बार उडेल, दुसरा उडायचा नाही. आत रुतेल."

पहारेकऱ्यानं दुकानाची पाटी, पांढऱ्या रंगाखालून डोकावणारा शब्द, आणि मिस्त्रीचा चेहरा, या क्रमानं पाहिलं आणि त्याला ओळख पटली. "तुम्हीच ना ते? आकडीवाले?" मग मान हलवून हसला. "बक्कल तेवढं नीट बसवा, काका. ते तरी तपासून द्या."

मिस्त्री साहेबाकडे गेला. साहेबानं बसायला सांगितलं नाही.

"मी खोटं बोललो होतो. आकडी चांगली होती. मीच मोडली."

"का?"

"मेहुण्यासाठी."

"आणि आता मेहुण्याच्याच विरुद्ध सांगायला आलात." साहेब थकल्यासारखा बोलत होता. "मिस्त्री, तेव्हा खोटं होतं तर आज खरं कशावरून? लांडगा आला, लांडगा आला, किती वेळा ऐकू?"

"दोन काडतुसं द्या. इथंच उडवून दाखवतो."

"तुम्हाला? काडतुसं? परवाना नसलेल्या माणसाला?"

"मग तुमच्या माणसाला उडवायला सांगा."

"माझा माणूस म्हणजे तुमचा मेहुणाच. शस्त्रांचं खातं त्याच्याकडे आहे. तो म्हणाला तर उडवू." आणि मग, दार दाखवत, थोडं हळू आवाजात: "पुरावा काही आहे?"

पुरावा त्यानं थिनरनं धुतला होता. आपल्याच हातानं, अगदी स्वच्छ, काम करावं तर असं.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. खराब पानं संपली, चांगली पानंही केरात जायला लागली.

"दोन वेढे," ती शेवटी म्हणाली.

"तुला दिसले होते?"

ती उठली. प्रशस्तिपत्रक खिळ्यावरून काढलं, चौकटीची मागची पुठ्ठ्याची बाजू सोडवली. आत, पुठ्ठा आणि कागद यांच्या मध्ये, करपलेली पट्टी होती. सत्तावीस. शेपटीवाला सात.

"त्याचं अक्षर होतं," ती म्हणाली. "केरात कसं जाऊ देणार."

चपला घातल्या त्या दोघांनीही एकदमच.

दुपार होती. गोदामाच्या दारावर मिस्त्रीला अडवलं, पण सुपरवायझर साहेबांच्या बहिणीला कोण अडवणार? तिनं "माझ्याबरोबर आहेत" म्हटलं. धाकटा आतल्या खोलीत टेबलाशी बसला होता. समोर काडतुसांच्या रांगा, कात्री, कागदाच्या चिठ्ठ्या, काळ्या शाईचं पेन. जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून तो अंक काढत होता, पूर्वी शिडीवर बसून पाट्या रंगवताना धरायचा तशी.

मिस्त्रीला बघून त्यानं पेनाचं टोपण लावलं. "हे इथं कशाला?"

मिस्त्रीनं तोंड उघडलं, पण बायकोनं हात वर करून त्याला गप्प केलं. आजवर ती जे बोलली नव्हती, ते सगळं तिनं एका वाक्यात संपवलं. "आकडी यांनी मोडली, माझ्या सांगण्यावरून, आणि त्याआधी बंदुकीतून हे निघालं होतं."

तिनं पट्टी टेबलावर ठेवली.

धाकट्यानं ती उचलली नाही. वाकून पाहिली. स्वतःचा सात ओळखायला माणसाला वेळ लागत नाही. मग त्यानं एक काडतूस घेतलं, वेढा बोटांनी चाचपला, अंगठ्याच्या नखानं त्याची जाडी पाहिली. पाट्या रंगवणाऱ्याला रंगाचा थर नखानं कळतो. कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

बाहेर कुणीतरी शिट्टी वाजवत गेलं. धाकट्यानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"किती दिवस माहीत होतं?" त्यानं विचारलं. विचारलं बहिणीला.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी यांना—" तो तिथंच थांबला. ते वाक्य पुढे कधीच पुरं झालं नाही.

मग डावा हात काडतुसाकडे गेला. त्यानं कात्रीच्या टोकानं पट्टीची कड उचलली आणि सोलायला सुरुवात केली. पट्टी निघाली, खाली चिकट डाग राहिला. दुसरं काडतूस. पुन्हा डाग. त्यानं तो रुमालानं घासला, रुमालाचे धागे डागाला चिकटले.

मिस्त्री उभाच होता. बायकोनं बाजूची खुर्ची ओढली, भावाशेजारी बसली आणि एक काडतूस हातात घेतलं. धाकट्यानं तिच्याकडे न बघता आपली खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेली, जवळच्या काडतुसांचा ढीग सोबत ओढून घेतला आणि तिथं बसून सोलू लागला.

"पाण्यानं जाणार नाही हे," थोड्या वेळानं तो म्हणाला. तेही काडतुसालाच.

"थिनर लागतं," मिस्त्री म्हणाला.

"आहे?"

"दुकानात आहे."

"मग आणा, मिस्त्री," धाकटा म्हणाला.

ताईच्या लग्नापासून तो भावोजीच म्हणत आला होता, मिस्त्री कधीच नाही. मिस्त्री थिनर आणायला गेला.